राव सरांची लोकशाही

रघोत्तम राव सरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, घरात मांसमच्छी शिजते का तेही विचारलं नाही. कुंभकोणममध्ये भाड्याचं घर शोधत फिरताना हे तीन प्रश्न आम्हाला दारोदार विचारले गेले होते. सरांनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोघं," मी म्हटलं. "मी आणि माझे यजमान."

"आम्ही दोघं. मणजे चार." ते जरा खट्टू झाले. "चार बरे नव्हेत. दोन-दोन झाले की गाडी अडते."

मला काहीच कळलं नाही. मागे दारात त्यांची मुलगी पद्मा उभी होती. ती हसली आणि म्हणाली, "जागा आवडली असेल तर या. अप्पांचं पुढे कळेल तुम्हाला."

यजमानांची बँकेतली बदली आम्हाला सांगलीहून तिथं घेऊन गेली होती. शाखेतल्या कोणीतरी सांगितलं, कुंभेश्वराच्या देवळामागच्या गल्लीत एक मराठी बोलणारं घर आहे, वरचा मजला रिकामा आहे. मराठी ऐकायला मिळणार म्हणून मी हरखले होते. ऐकली ती मराठी बखरीतून उठून आल्यासारखी होती. 'सगळे' ला ते 'अस्के' म्हणत, 'म्हणजे' ला 'मणजे', आणि 'मी सांगितलं' ऐवजी 'मी सांगट्लों'. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजांच्या काळात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. दाराबाहेर तमिळ, दाराच्या आत ही मराठी. सरांचं बोलणं मी इथं बरंचसं माझ्याच मराठीत लिहिते आहे. जसंच्या तसं लिहायला मला यायचं नाही.

राहायला गेल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांचं 'चार' मला उलगडलं. सकाळी दहाला त्यांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. पाण्याची मोटर किती वाजता लावायची, फाटकाला कुलूप कधी, गच्चीचा कुठला भाग कोणाच्या वाळवणाला, असे प्रश्न होते. प्रत्येक प्रश्न ते उभं राहून मांडत, दोन्ही बाजू सांगत, मग म्हणत, "हात वर करा." आम्ही वर्गातल्या मुलांसारखे हात वर केले. पद्मा पायरीवर बसून कढीपत्त्याची पानं ओरबाडत होती. तिचा हात एकदाही वर गेला नाही. सर प्रत्येक वेळी क्षणभर तिच्या हातांकडे बघत थांबायचे आणि मग इंग्रजीत म्हणायचे, "वन ॲब्स्टेन्शन." म्हणजे एकजण तटस्थ. मला वाटलं, ही बापलेकीतली जुनी थट्टा असेल.

सर उंच आणि काटक होते. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाच्या दोन्ही बाजूंना गोपीचंदनाच्या मुद्रा. इंग्रजी वर्तमानपत्र उभ्यानं वाचायचे, कारण बसून वाचलं की माणूस बातम्यांना राजी होतो असं त्यांचं मत होतं. कॉफीचा पेला स्वतः धुवायचे. सगळी नोकरी त्यांनी एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली होती, आणि इंग्रजीतही त्यांचा जीव अडकला होता तो राज्यकारभाराच्या शब्दांत. मोनार्की, ऑलिगार्की, ब्युरोक्रसी, प्लुटोक्रसी. गावातली प्रत्येक गोष्ट त्यांनी या शब्दांत वाटून टाकली होती. बसस्टँड म्हणजे ॲनार्की. देवळाची कमिटी म्हणजे ऑलिगार्की, मूठभरांचं राज्य. नळाचं पाणी म्हणजे थिऑक्रसी, कारण ते देवाच्या इच्छेनं येतं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्याला ते जेरोंटोक्रसी म्हणायचे आणि वर सांगायचे, "मीही त्यात मंत्री आहे."

संध्याकाळी घराच्या ओट्यावर त्यांचा वर्ग भरे. सरकारी परीक्षांची तयारी करणारी कॉलेजची आठ-दहा मुलंमुली येत. सर त्यांच्याकडून काही घेत नसत. मी जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत ऐकत बसायची.

"मागे 'आर्की' असेल तर पुढे कोण उभा आहे ते बघा," ते ताडाच्या पंख्यानं ओट्याच्या खांबावर ठेका धरत सांगायचे. "'क्रसी' असेल तर जोर कोणाच्या हातात आहे ते बघा. दोन्ही एक नव्हेत."

एकदा एका मुलानं विचारलं, "सार, ऑटोक्रसी म्हणजे ऑटोवाल्यांचं राज्य का?"

"बसस्टँडवर तेच आहे," सर म्हणाले. "पण परीक्षेत तसं लिहू नको."

मग त्यांनी सेल्वी नावाच्या एका मुलीला उभं केलं. "तुमच्या घरी आज काय शिजवायचं ते कोण ठरवतं?"

"अम्मा, सार."

"तू पुढे शिकायचं की नाही ते?"

"अप्पा."

"आणि शिजवायचं ते अम्मानं ठरवायचं, हे कोणी ठरवलं?"

सेल्वी जरा थांबली. "अप्पांनीच, सार."

"मग हे कुठलं राज्य?"

"ऑटोक्रसी, सार."

"बरोबर. घरी सांगू नको." मुलं हसली, सर हसले नाहीत. तिला बसवून ते म्हणाले, "माझ्याही वडिलांच्या घरात हेच राज्य होतं."

ते खरं होतं. त्यांच्या वडिलांच्या घरात मत नव्हतं, हुकूम होता. काय शिकायचं, कोणाशी लग्न करायचं, जेवताना कुठल्या पाटावर बसायचं, सगळं वडील सांगत. वडील गेले त्याच्या तेराव्या दिवशी सरांनी घरातल्या माणसांना बसवून सांगितलं, आजपासून या घरात प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरेल. घरात तेव्हा त्यांची आत्या होती, अंबात्या. फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. तिनं विचारलं, "मणजे मी बी?"

"तू बी, आत्या."

अंबात्या रडायला लागली. आज भाजी कुठली करायची एवढंसुद्धा तिला त्या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं. हे सर मला फार अभिमानानं सांगायचे. आयुष्यात काय केलंत असं कोणी विचारलं तर त्यांनी बहुधा हेच सांगितलं असतं, की मी अंबात्येला मत दिलं.

मी गेले तेव्हा अंबात्या नव्हती. सरांची बायकोही जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा श्रीधर सिंगापूरला. घरात सर आणि पद्मा. पद्मा पंचेचाळिशीच्या पुढची, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी सरांनी वर्ग चालू असताना मला हाक मारली. "सांगलीबाई, खाली या. तुमच्या मराठीत ह्या अस्क्यांना काय मणतात ते मुलांना सांगा."

मी सांगत गेले. राजेशाही. हुकूमशाही. नोकरशाही. घराणेशाही. लोकशाही.

सरांना इतका आनंद झाला की ते पंखा खाली ठेवून उभे राहिले. "अस्क्यांना एकच शेपूट," ते म्हणाले. मग मला समजावून सांगितलं. त्यांच्या घरच्या मराठीत राजा होता, दरबार होता, हुकूम होता, आणि तिथंच सगळं संपत होतं. डेमोक्रसीला ते घरात डेमोक्रसीच म्हणायचे आणि बाहेर तमिळमधलं जननायगम. "आमचे लोक इकडे आले तेव्हा राजाच होता. त्याच्या पुढचे शब्द तुम्ही तिकडे केलेत, आम्हाला कोणी कळवलं नाही."

पुढचे काही दिवस ते येता-जाता 'लोकशाही, लोकशाही' असं स्वतःशी म्हणायचे. शब्द जिभेवर ठेवून बघत असल्यासारखे. पद्माला हाक मारून सांगायचे, "पद्मा, आपल्या घरात काय आहे? लोकशाही." पद्मा आतून "होय अप्पा" म्हणायची.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते झालं. वर्गात शब्द निघाला मॉबोक्रसी. सरांना तो आवडत नव्हता, त्याचा पुढचा अर्धा भाग रस्त्यावरचा आहे म्हणायचे. खरा शब्द ऑक्लोक्रसी. तो त्यांनी दोनदा मुलांकडून म्हणवून घेतला आणि माझ्याकडे वळले. "ह्याला काय?"

"झुंडशाही," मी म्हटलं.

"झुंड मणजे?"

"कळपासारखं. पुष्कळजण मिळून एकट्याला घेरतात, ती झुंड."

"ओरडतात का ते?"

"ओरडायलाच हवं असं नाही," मी भाजी निवडता निवडता म्हटलं.

सरांनी पंखा खाली ठेवला. मुलं वाट बघत होती. मग ते म्हणाले, "आज एवढंच," आणि आत निघून गेले. पंखा ओट्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पद्मा मिरच्या वाळत घालत होती. मी तिला विचारलं, काल माझं काही चुकलं का. ती म्हणाली, "तुमचं नाही, अक्का." मिरच्या पसरत पसरतच तिनं मला सगळं सांगितलं. आवाज कुठे चढला नाही की अडकला नाही.

ती चोवीस वर्षांची असताना सरांच्या वर्गात कुमरन नावाचा एक मुलगा यायचा. जवळच्या स्वामीमलै गावचा, मेणात घडवून पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या घरातला. त्याला बँकेची परीक्षा द्यायची होती. सरांना तो फार आवडायचा. बोटांना मेण लागलेलं असताना वही धरतो म्हणून त्याला रागवायचे आणि तो गेल्यावर त्याचं कौतुक करायचे. पद्माचं आणि त्याचं जमलं. तिनं आधी सरांनाच सांगितलं. सर म्हणाले, "माझी काही हरकत नाही. मुलगा चांगला आहे." मग म्हणाले, "पण घरात विचारायला पाहिजे. नियम आहे."

एका रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर सगळे बसले. सरांनी नेहमीसारखा प्रश्न मांडला. दोन्ही बाजू नीट सांगितल्या. पद्मा म्हणाली, माझी बाजू माझ्यापेक्षाही त्यांनी चांगली सांगितली. मग त्यांनी विचारलं, विरोधात कोण. अंबात्येनं हात वर केला. दुसऱ्या जातीत, तेही तमिळ घरात मुलगी द्यायची हे तिला सोसणारं नव्हतं. आईनं एकदा आत्येकडे बघितलं आणि तिचाही हात वर गेला. श्रीधरचं लग्न तेव्हा ठरत होतं, मुलीकडचे लोक कडक होते. त्यानंही हात वर केला. मान खाली घालून, पण केला. मग सरांनी विचारलं, बाजूनं कोण.

"मी हात वर केला," पद्मा म्हणाली, "आणि अप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, अध्यक्ष मत देत नाही. समसमान झालं तरच देतो. असा नियम त्याच्या आधी कधी नव्हता, अक्का. मोटर विकत घ्यायची होती तेव्हासुद्धा त्यांनी हात वर केला होता."

मी तिच्याबरोबर मिरच्या पसरायला लागले.

"मी हरणारच होते. त्यांनी हात वर केला असता तरी हरलेच असते. पण माझ्या हाताशेजारी दुसरा एक हात असता."

पद्मानं निर्णय मान्य केला. रडली नाही, पळून गेली नाही. कुमरनला जाऊन तिनंच सांगितलं. नंतर स्थळं आली तेव्हा ती नको म्हणाली, आणि यावर मत घ्यायचं का असं श्रीधरनं विचारलं तेव्हा सरच म्हणाले, नको. तेव्हापासून तिनं त्या घरात कशावरही हात वर केला नव्हता. सर प्रत्येक वेळी थांबायचे, बघायचे, आणि नोंद केल्यासारखं म्हणायचे, "वन ॲब्स्टेन्शन." थट्टा नव्हती ती.

पद्मानं मला सांगितलं हे सरांना कळलं असावं. त्यांनी दोन-तीन दिवस वर्ग घेतला नाही. मग एका सकाळी जिन्याखाली येऊन म्हणाले, "सांगलीबाई, स्वामीमलैला माझ्याबरोबर येता का? बसमध्ये चढताना हल्ली एकट्याला भीती वाटते." मला वाटलं देवळात जायचं असेल. बस थोड्याच वेळात स्वामीमलैला पोचली. उतरल्यावर सर देवळाच्या पायऱ्यांकडे वळलेच नाहीत. मूर्तिकारांच्या गल्लीत शिरले आणि एका कारखान्यासमोर थांबले. आत चार-पाच माणसं काम करत होती. कोणी मेणाच्या मूर्तीची बोटं घडवत होता, कोणी त्यावर नदीची माती लिंपत होता. मधोमध पन्नाशीचा एक माणूस कानस घेऊन बसला होता. पोट जरा सुटलेलं, केस पिकलेले. त्यानं वर बघितलं आणि कानस टाकून धावत आला.

"सार."

त्यानं वाकून सरांच्या पायांना हात लावला. कामगारांना सांगितलं, हे माझे इंग्रजीचे सार, यांच्यामुळे मी परदेशी गिऱ्हाइकांशी बोलतो. खुर्ची मागवली, कॉफी मागवली. परीक्षा तो पास झाला नव्हता, बापाच्या धंद्यातच राहिला होता, आणि त्याचं बरं चाललेलं दिसत होतं. सर खुर्चीच्या कडेला बसले. दोनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं. शेवटी विचारलं, "मुलं किती?"

"दोन, सार. मोठीचं लग्न झालं. तिचं तिनंच जमवलं. मी म्हटलं, कर बाई." तो हसला. मग कोणाचीही चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "पद्मा टीचर बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून भाताची शेतं बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चार दिवस एक वाक्य तयार करत होतो. इंग्रजीत करावं की तमिळमध्ये, तेही ठरवलं होतं. तो पायांशी वाकला आणि वाक्य राहूनच गेलं." मग म्हणाले, "त्याच्यासाठी ते कधीच संपलं आहे. बघितलंत ना तुम्ही? मी सोडवायला गेलो ती गाठ तिथं नाहीच. ती माझ्या घरात आहे."

त्या दिवसापासून सर पद्मासाठी काहीतरी करायचं या एकाच विचारात होते. मला ते दिसत होतं, पद्मालाही दिसत असणार. एक दिवस ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच बाहेर पडले. असे आणखी दोनदा गेले. मग एका रविवारी आम्हा सगळ्यांना खाली बोलावलं. श्रीधरलाही मोबाइलवर घेतलं होतं. फोन पितळी तांब्याला टेकवून उभा केला होता. आम्ही बसलो. सर उभे राहिले. पण प्रश्न मांडला नाही.

"हे घर मी पद्माच्या नावावर केलं," ते म्हणाले. "नोंदणी झाली. यात मत नाही."

फोनमधून श्रीधर म्हणाला, "अप्पा, निदान विचारायचं तरी."

"नाही विचारलं. एकदा विचारलं होतं अस्क्यांना, तेव्हा काय झालं ते आठव."

फोनमध्ये श्रीधरनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "ठीक आहे अप्पा. माझं काही म्हणणं नाही." मला वाटतं तो मनापासून बोलला. सर पद्माकडे वळले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसा.

पद्मा उभी राहिली. "अप्पा, तेव्हा माझ्याबद्दल अस्क्यांना विचारलंत," ती म्हणाली. "आज कोणालाच नाही विचारलंत. मला तर दोन्ही वेळेला नाही."

"तुलाच तर दिलं."

"मला नको आहे हे घर. या घरात मी हरले, आणि मग रोज सकाळी इथंच उठले. आता तुम्ही ते माझ्या गळ्यात बांधता."

ती आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा नेहमीचा आवाज यायला लागला. आम्ही दोघं उठून वर आलो. जिन्यावरून मी खाली बघितलं, तर सर तसेच उभे होते आणि फोन कधीचा बंद झाला होता.

चार-पाच दिवस त्या घरात बोलणं असं झालंच नाही. मग एका सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले तेव्हा दार उघडं होतं. पद्मा शाळेला जायच्या तयारीत वेणी घालत होती. सर कॉफीचा पेला हातात घेऊन तिच्यासमोर उभे होते. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"पद्मा, तुला काय पाहिजे?"

पद्मानं वेणीची शेवटची गाठ मारली.

"सेलमजवळ येर्काडला माझी मैत्रीण आहे," ती म्हणाली. "ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा चालवते. किती वर्षं बोलावते आहे. तिथं गणिताला कोणी नाही. राहायला एक खोली देतात."

"आणि तू नाही मणत आलीस?"

"होय."

"माझ्यामुळे?"

ती शाळेच्या वह्या पिशवीत भरायला लागली. सर म्हणाले, "कधीतरी सांगायचं होतंस मला."

"विचारायचं तुम्ही होतंत, अप्पा," ती म्हणाली. रागानं नव्हे. विद्यार्थ्याची चूक दाखवावी तसं.

सरांनी पेला खाली ठेवला. "जा," ते म्हणाले. मग हा हुकूम झाला असं वाटलं की काय, लगेच म्हणाले, "मणजे, तुला जायचं असेल तर."

जायचं ठरायला दोन महिने गेले. तिनं शाळेचा राजीनामा दिला. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला आणि सरांच्या औषधांना बघायला गल्लीतलीच एक बाई ठरवली. सरांनी घर तिच्या नावावरच राहू दिलं. "तू राहा किंवा विकून टाक, मी काही मणणार नाही," म्हणाले. या दोन महिन्यांत मी त्यांना कधी कुठल्या गोष्टीला इंग्रजी नाव देताना ऐकलं नाही. वर्ग चालू होता, पण ते मुलांना निबंध आणि व्याकरणच घालत. एकदा सेल्वीनंच विचारलं, "सार, राज्यांचे शब्द आता नाहीत का?" ते म्हणाले, "ते तुम्ही पाठ करा. अर्थ मला वाटला तेवढा सोपा नाही."

एकदाच ते माझ्याशी त्यावर बोलले. मी वरून कपडे आणत होते, ते पायरीवर बसले होते. "एकाच्या राज्याला शब्द आहे, थोड्यांच्या राज्याला आहे, म्हाताऱ्यांच्या, श्रीमंतांच्या, चोरांच्यासुद्धा आहे," ते म्हणाले. "मी आत्येला मत दिलं ते चांगलंच केलं, हे अजूनही खरं आहे. आणि त्याच मतानं पद्माचं काय झालं, तेही खरं आहे. सगळी चूक आत्येवर टाकता आली असती तर बरं झालं असतं. पण ती तिच्या मनातलं बोलली. गप्प मी राहिलो."

मी म्हटलं, "पद्मानं ते मनात धरलेलं नाही आता."

"तिनं काय धरलं आहे ते तिला विचारा," ते म्हणाले. "तिच्या वतीनं तुम्ही ठरवू नका." आणि ओशाळून हसले.

पद्मा गेली त्याच आठवड्यात आमची बदली होऊन आम्हीही गेलो. सर आणखी वर्षभर होते. वर्ग त्यांनी शेवटपर्यंत चालवला. पद्मा सुट्टीत येऊन जायची. गेले ते सकाळच्या वेळी गेले, आणि पद्मा तेव्हा त्यांच्याजवळ होती. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा सरांनी आमचा रीतसर निरोप घेतला होता, माझ्या हातात नारळ दिला होता. पण त्यांची आठवण काढली की डोळ्यांसमोर ती वेळ येत नाही. येतं ते पद्मा निघाली त्या सकाळचं बसस्टँड.

सेलमची बस लागली होती आणि दाराशी ही गर्दी. सरांनी पद्माची मोठी बॅग कोणाला घेऊ दिली नाही. स्वतःच उचलून आणली. गर्दी बघून त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिकडे सगळेच करतात तसं खिडकीतून एका बाकावर टाकून जागा धरली. मग लोकांना सरकवत आत चढले आणि त्या जागेवर जाऊन बसले. पद्मा पाण्याची बाटली आणि केळी घेऊन आली. बसमध्ये चढून त्यांच्याजवळ उभी राहिली. मी खाली खिडकीशी होते.

"अप्पा, उठा आता."

"जागा धरली आहे," सर समोर बघत म्हणाले. "थोडं बसतो."

पद्मानं घाई केली नाही. दांड्याला धरून ती तशीच त्यांच्याशेजारी उभी राहिली. बस भरली, बाजूच्या फलाटावरची गाडी सुटून गेली. कंडक्टरनं शिटी वाजवली आणि म्हाताऱ्या माणसाला मानानं हाक मारतात तसं तमिळमध्ये म्हणाला, "पेरियवरे, येताय की उतरताय?"

सर उठले. पद्मा त्यांच्या जागेवर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला, पण मागच्या माणसानं पुढे ढकललं म्हणून तो लगेच उचलावा लागला. मी त्यांना हात धरून उतरवलं. उपरणं आतच राहिलं. बस हलली, स्टँडला वळसा घालून पलीकडच्या फाटकातून बाहेर पडली. पद्मा खिडकीतून आमच्याकडे बघत होती, दिसेनाशी होईपर्यंत.

सर मात्र ज्या फाटकातून सेलमच्या बस आत येतात त्या फाटकाकडे तोंड करून उभे होते.

"सर," मी म्हटलं, "बस त्या बाजूनं गेली."

"होय," ते म्हणाले. "बघितलं मी." आणि तिकडेच बघत राहिले.